एकतिसावं पाकीट

परळच्या मेडिकल कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या अपेक्षा आणि शंतनु यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत पहिलंच संशोधन मिळालं होतं. कॉटन ग्रीनच्या एका चाळीतल्या साठीपुढच्या माणसांचं ब्लडप्रेशर दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि दोघांच्या मोजण्यात किती फरक पडतो ते पाहायचं. आधी अपेक्षाने जायचं, तासाभराने शंतनुने. आकडा फॉर्मवर लिहून पाकीट तिथंच चिकटवायचं, जोडावर सही करायची आणि एकमेकांना काही सांगायचं नाही.

तीस माणसं झाल्यावर त्यांच्या मार्गदर्शक मृणालिनी मॅडमनी पाकिटं फोडली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तीसच्या तीस सारखे. एका आकड्याचाही फरक नाही. एकाच माणसाने दोनदा मोजलं तरी असं येत नाही, मुलांनो. कुणीतरी नक्कल केलीय. शुक्रवारपर्यंत नाव सांगा. नाहीतर दोघांची नावं कॉलेजच्या शिस्त समितीकडे जातील."

जिन्यात शंतनु म्हणाला, "माझ्याकडे बघू नकोस हं."

"नंतर कोण जातं रे?"

"अगं, पाकिटं तुझ्याच बॅगेत असतात! मी काय एक्स-रे लावतो?"

दादरला घरी पोचेपर्यंत अपेक्षाने एक युक्ती योजली होती. अहवालावर पहिलं नाव तिचं होतं आणि ते असं खराब होऊ देणं तिला मान्य नव्हतं.

गुरुवारी दहा वाजता ती एकतिसाव्या खोलीत गेली. अंबिकाकाकी एकट्याच राहायच्या. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. अपेक्षाने चहा घेतला, गप्पा मारल्या, पण ब्लडप्रेशर मोजण्याचा पट्टा बॅगेतून काढलाच नाही. आकड्याची जागा कोरी ठेवून तिने फॉर्म पाकिटात घातला, जोडावर सही केली आणि पाकीट बॅगेत न टाकता ॲप्रनच्या खिशात ठेवलं. शंतनु नक्कल करत असेल तर आज त्याची पंचाईत होणार होती.

मग ती खाली गोदामाच्या भिंतीच्या सावलीत थांबली.

साडेअकराला शंतनु उतरला. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"अपेक्षा, काकींचं बीपी लागतच नाही."

"म्हणजे?"

"आवाजच नाही. नाडीपण नाही. यंत्र बिघडलं म्हणून स्वतःचं मोजलं, नीट आलं. आणि त्या मला विचारतायत, लग्न कधी करणार."

अपेक्षाला हसू आलं. आता नाटक सुरू झालं होतं. याने पाकिटात डोकावलं, कोरा फॉर्म पाहिला आणि ही गोष्ट रचली. तिने खिशातून पाकीट काढून उजेडात धरलं. डिंक धड होता, सही जोडावरून सलग गेली होती. आणि खिशाला सकाळपासून तिच्याखेरीज कुणाचा हात लागला नव्हता.

ती जिना चढली.

काकी उंबऱ्याशी सुकट निवडत बसल्या होत्या. "परत इलंस?" म्हणत त्यांनी डावा हात पुढे केला. उजव्या हाताने निवडणं चालूच होतं.

अपेक्षाने पट्टा बांधला, स्टेथोस्कोप कानाला लावला आणि हवा भरली. काटा दोनशेवर गेला. ती हळूहळू हवा सोडू लागली.

एकशेसाठ. एकशेवीस. ऐंशी.

काहीच नाही.

काटा शून्यावर येऊन टेकला. स्टेथोस्कोपमधून सुकट चाळल्याची खसखस तेवढी ऐकू येत होती. तिने मनगट धरलं. कातडी ऊबदार होती. बोटांखाली काही हलत नव्हतं. तिने छातीवर ऐकलं.

तिथेही नाही.

"किती गो?" काकींनी विचारलं.

अपेक्षाने पाकीट फाडलं. फॉर्मवर कोरी जागा होती. खाली छापलेलं होतं, वरील आकडा मी स्वतः मोजला आहे.

ज्या गोष्टीसाठी ती शंतनुला पकडायला निघाली होती, तीच तिने केली.

तिने मनानेच लिहिलं, १२४/७८.

स्टेथोस्कोप अजून काकींच्या छातीवरच होता.

ठक्.

मग दुसरा ठोका. मग नेहमीसारखे, एकामागून एक.

तिने पुन्हा पट्टा फुगवला. पहिला आवाज एकशेचोवीसला आला, शेवटचा अठ्ठ्याहत्तरला. तिने छापील ओळीखाली सही केली. उद्या मॅडमना स्वतःचंच नाव सांगायचं हे आता तिला माहीत होतं.

काकींनी सुकटीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"धा वाजल्यापासना छातीत कसा सामसूम वाटत होता," त्या म्हणाल्या. "आता बरा वाटता. पुढच्या टायमाक जरा बेगीन लिव हां."