निळी करवंटी

ओल्या कचऱ्याच्या बादलीत तळाशी निळ्या ऑइलपेंटने रंगवलेली करवंटी, तिच्यावर केळीची सालं, त्यावर मेथीच्या काड्या... असा सगळा बंदोबस्त करून उज्वला पगारे फाटकात उभी राहिली, तेव्हा घंटागाडीचं गाणं वळणावर नुकतं ऐकू येऊ लागलं होतं. डिसेंबरातली सकाळ. जेलरोडमागची कॉलनी धुक्यात निम्मी बुडाली होती आणि मफलरमधून फक्त नाक बाहेर काढून लोक बादल्या घेऊन येत होते.

गाडीवरच्या झुंबरबाई रोज तिची बादली घ्यायच्या. आज मात्र दुसराच हात पुढे आला. हातमोजा घातलेला, पुरुषाचा. त्याने बादली घेतली, जराशी हलवली आणि दोन बोटांनी नेमकी ती करवंटीच बाहेर काढली.

"मॅडम, करवंटी ओल्यात जाते की सुक्यात?"

"ओल्यात," उज्वला ठामपणे म्हणाली. "नारळ झाडाला लागतो."

"आणि निळा रंग? तोही झाडालाच लागतो?"

झुंबरबाई तोंडाला पदर लावून हसल्या. उज्वला हसली नाही. समोरचा माणूस तिशीच्या आतला होता, सावळा, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत ओढलेला. गळ्यातल्या ओळखपत्रावर तिने नाव वाचलं – रविराज गावित, स्वच्छता निरीक्षक – आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

हे नाव तिला चांगलं माहीत होतं. उज्वला वाचनालयात नोकरी करायची, पण कॉलनी तिला ओळखायची ती 'प्रभागपत्रा'मुळे. दर रविवारी ती दोन पानांची बातमीपत्रिका काढायची. पाणी कोणत्या दिवशी येणार नाही, कोणत्या झाडावर तोडीची नोटीस लागली, कुठला खड्डा कितव्यांदा बुजवला... फोनवरून ती दोन हजार घरांत जायची आणि एक प्रत वाचनालयाच्या दाराला चिकटायची. गेले दोन-तीन महिने एकच तक्रार सारखी येत होती. कॉलनीमागच्या नाल्याला कुजका वास येतो. थंडीत नाला असा नासत नाही. आणि महापालिकेच्या कार्यालयातल्या कागदावर मात्र दर महिन्याला लिहिलेलं – 'प्रभागातला सर्व ओला कचरा खतप्रकल्पात पोचला.' खाली सही, र. गावित.

म्हणून ती करवंट्या रंगवत होती. निळी करवंटी नाल्यात सापडली, की कागद खोटा ठरणार होता.

आणि आता सही करणाराच ती करवंटी हातात धरून उलटी-सुलटी बघत होता. आतून खिळ्याने कोरलेली तारीख त्याने वाचली. मग उज्वलाकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ. त्याने करवंटी परत बादलीत ठेवली, वर केळीची सालं नीट पसरली आणि बादली ओल्या कप्प्यात रिकामी केली.

"ओल्यातच असू दे," तो म्हणाला.

का? ती दिवसभर विचार करत राहिली. साधा माणूस असता तर कारण विचारलं असतं. याने विचारलं नाही, म्हणजे याला कळलं होतं.

चौथ्या दिवशी तो वाचनालयात हजर.

"सभासद व्हायचंय."

"पत्त्याचा पुरावा लागेल."

"माझा पत्ता तुम्ही आधीच काढला असेल."

काढला होता. उज्वलाने मान खाली घालून फॉर्म पुढे सरकवला, पण कान गरम झाले ते झालेच.

तो मधमाश्यांवरचं एक जाडजूड पुस्तक घेऊन गेला आणि तीन दिवसांत परत घेऊन आला. एवढ्या लवकर? तिने पुस्तक स्वतःकडे ओढलं. "साठाव्या पानावर काय आहे?"

"मधमाशी नाचून पत्ता सांगते ते." तो टेबलावर कोपर टेकून वाकला. "एकसष्टाव्या पानावरचंही सांगू? की तेवढा विश्वास आहे?"

"सांगा."

त्याने सांगितलं. अगदी बरोबर सांगितलं. आणि सांगताना त्याचे हात मधमाशीसारखे असे काही फिरले, की वर्तमानपत्र वाचणारे दोन म्हातारे वाचायचं सोडून बघत बसले.

एकदा त्याने आवळ्यांची पिशवी आणली. हरसूलच्या बाजारातून आईने पाठवलेले, असं म्हणाला.

"मी कुणाकडून काही घेत नाही."

"मग नमुना म्हणून ठेवा. तपासणीसाठी."

तिने नमुना घरी नेला. एक खाल्ला, वर पाणी प्यायली आणि ते पाणी इतकं गोड लागलं, की तिला स्वतःचाच राग आला. कारण दर वेळी निघताना, दारात एक पाय बाहेर ठेवून, तो हमखास तोच प्रश्न टाकायचा – "पुढच्या अंकात काय आहे?" तिच्या मनाचं जरासं किलकिलं झालेलं दार तिथेच लागायचं. हा माझ्यासाठी येतो... की अंकासाठी?

कचऱ्याच्या ठेकेदाराचा सुपरवायझर नवनाथ शिरसाठ एकदा मुद्दाम वाचनालयात येऊन गेला. बोलणं अगदी अदबीचं. "ताई, तुमचा अंक आम्ही सगळे वाचतो. एक सांगू? नवे साहेब गोड बोलतात. जपून राहा. सगळं त्यांच्याच सहीवर चाललंय."

उज्वलाला नवनाथ आवडला नाही. पण तो म्हणाला ते तिच्याच मनातलं होतं, आणि तेच जास्त टोचलं.

शुक्रवारी दुपारी अनोळखी नंबरवरून तिच्या फोनवर एक फोटो आला. नाल्याचा काठ, कुजक्या कचऱ्याचा ढीग, शेजारी उभी घंटागाडी आणि ढिगाजवळ वाकलेला रविराज. चेहरा स्पष्ट. खाली एवढंच – 'हे छापाल का?'

ती बराच वेळ फोटोकडे पाहत राहिली. हवं होतं ते हातात आलं होतं, तरी तिची नजर पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच जात होती. स्वेटरच्या बाह्या तशाच कोपरापर्यंत ओढलेल्या.

तिचे वडील सावळीराम नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले. आयुष्य नोटा तपासण्यात गेलं होतं. त्यांनी चष्मा लावून फोटो पाहिला. "हाच का तो आवळेवाला?"

"पप्पा!"

"आवळे मीही खाल्लेत." त्यांनी फोन परत दिला. "मी नोट नेहमी आधी मागून बघायचो, बेटा. याची मागची बाजू बघ. फोटो काढणारा तिथं कशाला गेला होता?"

शनिवारी दुपारी ती विभागीय कार्यालयात गेली आणि फोन सरळ त्याच्यासमोर धरला. रविराजने फोटो पाहिला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझलं.

"फोटो खरा आहे," तो म्हणाला.

"आणि सह्या?"

"त्याही माझ्याच." शेजारच्या टेबलावरचा कारकून कान देऊन बसला होता. रविराजने आवाज खाली आणला. "सोमवारपर्यंत थांबाल? इथे नाही सांगू शकत."

"अंक उद्या आहे."

"मग छापा."

"बस? एवढंच म्हणायचंय?"

"मला वाटलं, तुम्ही विचारायला आलात..." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तुम्ही तपासायला आलात."

ती तडक बाहेर पडली. रागारागानेच तिने स्कूटर सुरू केली. घराकडे वळायचं ते ती नाल्याकडे वळली. मागची बाजू बघायची, तर आताच.

उतारावर, बाभळींच्या आड, ढीग होता. वास नाकात शिरताच तिने ओढणी तोंडाला घट्ट बांधली. ढिगापासून थोड्या अंतरावर झुंबरबाई एका दगडावर बसून भाकरी खात होत्या.

"ताई, तुमी? हितं?"

"झुंबरबाई, खरं सांगा. हा कचरा कोण टाकतं?"

झुंबरबाईंनी आधी मागे पाहिलं, मग पुढे. "आमी नाय, ताई. आमी गाडी भरून देतो, मंग नवनाथ दुसऱ्या डायवरला धाडतो. खतप्रकल्प पडला लय लांब. ते फेरा वाचिवत्यात न् हितं वतत्यात. आमी बोललो तर उद्या काम बंद."

"आणि गावित साहेब?"

"साहेब?" झुंबरबाई पहिल्यांदाच मोकळं हसल्या. "साहेब रोज येत्यात. काठी घेऊन ढीग उकरत्यात. मी म्हणले, साहेब, सोनं पडलं का काय? तर म्हणत्यात, हां, निळं सोनं. परवा गाडी पकडली त्यांनी हितं. तवाच नवनाथ पुलावरून फोटू काढीत व्हता."

तेवढ्यात मागे पाचोळा वाजला. रविराज उतारावरून खाली येत होता, धापा टाकत.

"तुमची स्कूटर इकडे वळताना पाहिली," तो म्हणाला. "एकट्या येऊ नका इथे. नवनाथची माणसं असतात."

"पाठलाग केलात माझा?"

"तुम्ही माझा तीन आठवडे करताय. मी एकदा केला."

तिला हसू आलं, पण ओढणीआड राहिलं. त्याने खांद्यावरची पिशवी उघडली. आत पाच निळ्या करवंट्या, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकमध्ये, सापडल्याची तारीख आणि जागा लिहिलेली चिठ्ठी आत.

"सोमवारी आयुक्तांपुढे ठेवणार आहे. नुसत्या माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार होतं? पण कचरा तुमच्या फाटकातून निघाल्याची तारीख तुमच्या हातची, सापडल्याची माझ्या हातची. त्या दिवशी बादलीत करवंटी बघितली तेव्हा..." त्याने पिशवी मिटली. "मला वाटलं, या गावात आणखी एका माणसाला माझ्याच कागदाचा संशय येतोय. बरं वाटलं."

"मग अंकात काय आहे, असं सारखं का विचारायचात?"

"तुम्ही घाई केलीत तर ढीग एका दिवसात गायब झाला असता. आणि..." तो कान खाजवत म्हणाला, "निघताना आणखी दोन मिनिटं बोलायला दुसरं काही सुचायचं नाही."

झुंबरबाईंनी भाकरीकडे पाहत मोठ्याने खाकरून घेतलं.

"सह्यांचं राहिलं," उज्वला म्हणाली. आवाज कडक ठेवायला तिला कष्ट पडले.

रविराजने मान खाली घातली. "पहिले दोन महिने मी न बघता केल्या. नवा होतो. कागद यायचे, मी सही करायचो. ते माझं चुकलं. अहवालात पहिल्याच ओळीत लिहिलंय."

"ते मी छापलं तर नोकरीवर गदा येईल."

"येईल."

"तुमचं नाव वगळता येईल... मला."

त्याने वर पाहिलं. डोळ्यांत दुखावल्याची छटा होती आणि तिच्यामागे काहीतरी मऊ. "वगळू नका. वगळलंत, तर मलाच तुमच्यावर संशय येईल."

त्या संध्याकाळी तिने बातमी चार वेळा लिहिली. चौथ्यांदा त्याचं नाव दोन ठिकाणी होतं. एकदा न बघता सही करणारा म्हणून, एकदा ढीग उकरणारा म्हणून. सोमवारी सकाळी अहवाल आयुक्तांच्या हातात पडला, हे कळल्यावरच तिने अंक सोडला. 'प्रभागपत्रा'चा पहिल्यांदाच रविवार चुकला आणि कॉलनीने त्याचाही जाब विचारला.

मग सगळं भराभर झालं. दुपारपर्यंत नाल्यावर शंभर माणसं जमली. आयुक्त स्वतः नाकाला रुमाल लावून उतार उतरले. झुंबरबाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं, अजिबात न अडखळता. ठेका रद्द झाला, गाडीवरच्या बायकांचं काम मात्र टिकलं, आणि आठवडाभरात ढीग उचलला गेला. रविराजला कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि त्याची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला, सातपूरला झाली.

तो निरोप घ्यायला आला नाही. फोनही नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. उज्वलाच्या मनात जुना किडा वळवळू लागला. त्याला जे हवं होतं ते मिळालं. आता कशाला येईल? आवळे, मधमाश्या... सगळं कामापुरतं होतं का?

पंधराव्या दिवशी तिने विचार करणं सोडलं आणि सातपूरची बस पकडली.

तो हजेरीच्या शेडबाहेर उभा होता, हातात वही. तिला पाहून वही मिटायलाच विसरला.

"हा प्रभाग तुमच्या अंकात येत नाही," तो कसाबसा म्हणाला.

"बातमीसाठी नाही आले. पंधरा दिवस का आला नाहीत?"

"नोटिशीचा निकाल लागायचा होता. मला वाटलं... नोकरी राहील की नाही ते ठाऊक नसताना तुमच्या दारात येऊन काय सांगणार? काल लागला. एक पगारवाढ गेली, नोकरी राहिली. उद्या येणार होतो."

"उद्या. हे मी कसं मानू?"

"नका मानू. उद्या सकाळी फाटकात उभ्या राहा आणि बघा."

ती बघत राहिली. धूळ होती, कारखान्यांचा भोंगा वाजत होता, आणि त्याच्या स्वेटरची एक बाही कोपरापर्यंत होती, दुसरी खाली घसरली होती. तिला ती वर ओढाविशी वाटली. तिने ओढलीही.

"रविराज," ती म्हणाली, "तू मला आवडतोस. हे मी सगळीकडून तपासून बघितलंय."

त्या 'तू'वर त्याच्या हातातली वही खाली पडली, तसे शेडमधले सगळे इकडे बघू लागले. मग हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असा, म्हणाला, "रविवारी हरसूलला येशील? आईकडे?"

"कोण कोण असेल? किती वाजता? आईला माझ्याबद्दल काय सांगितलंयस?"

"सांगितलं की, एक मुलगी आहे. माझी चूक तिने दोन हजार घरांत छापली."

"आणि आई?"

"म्हणाली, तुझं एवढं खरं कळल्यावर कोण थांबणार रे?"

"मग?"

"मी म्हटलं, थांबेल असं वाटतंय. पण खात्री नाही."

उज्वलाने घसरलेली ती बाही अजून धरून ठेवली होती. "आता खात्री आहे?"

"आता आहे," तो म्हणाला.