पाच बळींचा चेंडू

“एकच बाजू घासायची, कुशा. दुसरी तशीच राहू दे. आणि माझ्या मुलीनं मागितला, की तिला द्यायचा.”

इव्हान साहेबाचे हे शब्द कुशाबा आपल्या नातीला, अक्षदाला, रोज ऐकवायचे. अंघोळ झाली की खोबरेलाचं बोट लावून तो लाल चेंडू मांडीवर घासायचे. नेम कधी चुकला नाही. इव्हान वेल्सचा. तिथल्या कौंटीच्या क्रिकेट संघाकडून जेमतेम सात सामने, एका डावात पाच बळी, मग खांदाच गेला. परळच्या गिरणीत यंत्रं बसवायला आला, गिरणीच्या पोरांना गोलंदाजी शिकवली आणि जाताना तो पाच बळींचा चेंडू कुशाबांना सांभाळायला दिला.

साठ वर्षांनी, गेल्या आठवड्यात, इव्हानच्या मुलीचं चेंडू मागणारं पत्र आलं. आणि काल दुपारी कुशाबा घोडपदेवच्या चाळीत जिन्याखाली मेलेले सापडले. चेंडू गायब.

“पोलीस म्हणतात, पाय घसरला,” अक्षदा म्हणाली. “पण ताई, चेंडू पाठवीन असा मी आबांना शब्द दिलाय.”

गुप्तहेर रुचाने इस्पितळातून आलेली कपड्यांची पिशवी उघडली. पांढऱ्या लेंग्यावर, उजव्या मांडीशी, तांबूस डाग.

“रक्त!” तिचा सहायक माधव दचकला.

रुचाने वास घेतला. “लेंगा कधीचा गं?”

“काल सकाळी मीच धुतलेला काढून दिला. मग कामावर गेले.”

अक्षदाचा भाऊ स्वप्नील उसळला, “माझ्याकडे काय बघता? मी दिवसभर वडाळ्याच्या गोदामात होतो, हजेरी बघा. जुन्या बॅटी-चेंडू जमवणाऱ्या त्या दादरच्या हर्षवर्धनला विचारा. चेंडूसाठी उंबरा झिजवला त्यानं!”

हर्षवर्धनच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात जुन्या बॅटी होत्या. मधोमध तो चेंडू.

“कुशाबांनी स्वखुशीनं दिला. आठ दिवस झाले. त्यानंतर मी तिकडे फिरकलोही नाही.”

“मग चोरी कसली, मॅडम?” माधव पुटपुटला.

रुचाने लेंगा टेबलावर पसरला. “माधव, हे रक्त नाही. खोबरेल आणि चेंडूचा रंग. कुशाबांनी काल सकाळी, धुतलेला लेंगा घातल्यावर, चेंडू मांडीवर घासला. आठ दिवसांपूर्वी दिलेला चेंडू काल त्यांच्या हातात कसा, हर्षवर्धन?”



“काल मी चेंडू उचलला, तर जिन्यापर्यंत मागे आले,” हर्षवर्धन म्हणाला. “चेंडू सोडेचनात. मी झटका दिला.”

 

निकाल लागून कोर्टाने चेंडू परत केला, तेव्हा दोन वर्षं उलटली होती. अक्षदाने अंघोळ केली, खोबरेलाचं बोट घेतलं. पांढऱ्या ओढणीवर एकच बाजू घासली. दुसरी तशीच ठेवली.

मग डाग पडलेली ओढणी खांद्यावर नीट करून ती चेंडू घेऊन पोस्टाकडे चालू लागली.