नऊशेच्या खाली नाही

अंबुजाबाई हनुमंतरावांच्या दारात आल्या तेव्हा दुपारचा एक वाजला होता, आणि त्यांच्या पायात चप्पल नव्हती.

हनुमंतरावांनी आधी तेच पाहिलं. चैत्रातल्या उन्हात कुंभकोणमच्या रस्त्यावरून ही बाई अनवाणी आली, म्हणजे घरात काहीतरी घडलं होतं.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर हनुमंतराव लोकांच्या खासगी चौकशा करत. सोबतीला शेजारचे गुरुमूर्ती असत. आदल्या दिवशी हनुमंतरावांनी गुरुमूर्तींनी सांगितलेल्या किमतीला एक जुना टेबलफॅन विकत आणला होता. तो फिरत नव्हता, म्हणून ते तो खोलून बसले होते.

"चोपडी गेली," अंबुजाबाई म्हणाल्या. "सहाला वत्सलेची कथा आहे."

बाकीचं त्यांनी पाणी पिऊन सांगितलं. त्यांचे यजमान लक्ष्मीनारायण भागवतर चाळीस वर्षं देवळांतून हरिकथा करत आले. कथा तमिळात, पण मधली पदं, साक्या आणि दिंड्या, मराठी, त्यांनी स्वतः रचलेली. कार्तिकात ते गेले. आज रामनवमी. रामाच्या देवळात त्यांच्या जागी पहिल्यांदाच त्यांची मुलगी वत्सला उभी राहणार होती. सीताकल्याणाची सगळी पदं त्या एका चोपडीत होती, दुसरी प्रत नव्हती आणि वत्सलेची निम्मी पदं अजून पाठ व्हायची होती. आज ती अडली, तर देवळाची माणसं पुढच्या वर्षापासून दुसऱ्या कुणाला बोलावणार होती.

"सगळे सुंदरेशचं नाव घेतात," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. सुंदरेश त्यांचा पुतण्या, कथेत मृदंग वाजवणारा. "मराठी चोपडी या गावात आणखी कुणाच्या कामाची, असं म्हणतात. तो रुसून घरी बसलाय."

"घरात आणखी कोण आलं होतं?"

"पेटी बघायला दोन गिऱ्हाइकं. पण ती तमिळ माणसं, राव."

हनुमंतरावांनी उपरणं उचललं.

अंबुजाबाईंच्या ओसरीवर झोपाळा होता आणि त्याच्या समोर भागवतरांची जुनी हार्मोनियम. वत्सला तंबोऱ्यावर गात असे. पेटी नुसती पडून राहण्यापेक्षा वाजवणाऱ्याच्या घरी जावी, म्हणून ती विकायची असल्याचा कागद कॉफी-हॉटेलच्या भिंतीवर लावला होता. सकाळी दोघं एकाच वेळी आले. एक शंकरनारायण, तळ्याजवळ जुन्या सामानाचं दुकान चालवणारे. दुसरे कृष्णस्वामी, चोळपुरमचे गाण्याचे मास्तर.

वत्सलेने सौदा जसा झाला तसा सांगितला. आईने पंधराशे सांगितले. दुकानदारांनी पेटीला इतकी नावं ठेवली की ती फुकट न्यायलाही ते तयार नसावेत असं वाटलं, आणि मग सहाशे म्हटलं. मास्तर साडेसहाशेवर आले. दुकानदार सातशे. मास्तर अजून विचारच करत होते, तेवढ्यात दुकानदार सव्वासातशे म्हणून उठले, दारापर्यंत गेले आणि कुणी परत बोलावतंय का म्हणून दोनदा मागे वळून बघितलं.

"दुकानदार उठायच्या आधीच, दोघांच्या देखत मी वत्सलेला आपल्या मराठीत म्हटलं, नऊशेच्या खाली नाही," अंबुजाबाई म्हणाल्या. "आणि काय सांगू, मास्तर एकदम नऊशे म्हणाले. माझ्या मनातला आकडा रामानेच त्यांच्या तोंडी घातला. पन्नास रुपये विसार देऊन गेले. चारला उरलेले आणून पेटी नेणार आहेत."

"चोपडी कुठे होती?"

"नेहमी पेटीच्या कप्प्यात. सौदा ठरल्यावर हिला म्हटलं, ती काढ आणि देवघरात जुन्या पंचांगांच्या खाली ठेव. हिने ठेवली. पेटीबरोबर जायला नको."

"तेव्हा दुकानदार होते?"

"परत आले होते ना. पितळेची भांडी उचलून बघत घरभर फिरले. मास्तरांनी देवाला नमस्कार केला. दोघे गेल्यावर सुंदरेश हार घेऊन आला, देवघरातल्या तसबिरीला घालून गेला."

गुरुमूर्ती टेकायला झोपाळ्याकडे वळले. वत्सलेने त्यांचा हात धरला.

"मामा, डावी कडी निसटते. सकाळी दोघं बसले तेव्हा मी आईला म्हणत होते, डावीकडचा माणूस पडेल. मास्तर उजवीकडे सरकले, आणि दुकानदार धप्पकन खाली."

गुरुमूर्ती हसले. हनुमंतराव हसले नाहीत. ते देवघरात गेले. पंचांगांचा गठ्ठा जागेवर होता. फळ्यांवरची धूळ मोडली नव्हती. चोर कुठेही शोधत बसला नव्हता.

तिथून ते सुंदरेशच्या घरी गेले. सुंदरेशने दार अर्धंच उघडलं. चोपडी कुठे असते, एवढंच हनुमंतरावांनी विचारलं. "पेटीच्या कप्प्यात," तो म्हणाला. "लहानपणापासून तिथेच. काकूंना सांगा, मृदंगाला दुसरा माणूस बघा."

शंकरनारायण दुकानात कमरेला तेल चोळून घेत होते. भांड्यांचं विचारताच भडकले. "बघितली म्हणजे चोरली का, सार? आणि ती बाई नऊशेला देणार हे ठाऊक असतं तर मी सव्वासातशेवर उठलो असतो का? तंजावरात तेराशेला गेली असती."

"कमरेला काय झालं?"

"काय होणार. मोडका झोपाळा."

बाहेर पडल्यावर गुरुमूर्ती म्हणाले, हा माणूस नक्की खोटं बोलतोय. हनुमंतरावांनी त्यांना सांगितलं, कडी बसवून घ्या आणि चारला याला काहीही करून घेऊन या.

चार वाजून दहा मिनिटांनी कृष्णस्वामी सायकलरिक्षा घेऊन आले. दुपारभर गावातच मेहुण्याकडे होतो, पैसे मिळाले, असं त्यांनी सांगितलं. खांद्यावर कापडी पिशवी होती. शंकरनारायण झोपाळ्यावर बसून कॉफी पीत होते. कडी बसवली आहे, असं वत्सलेने तमिळात सांगितलं, तसे मास्तरही त्यांच्या उजव्या बाजूला बसले.

अंबुजाबाई घड्याळाकडे बघत होत्या. देवळातला नगारा सुरू झाला होता.

हनुमंतराव उभेच होते. ते मराठीत, भाजीचा भाव विचारावा तसं म्हणाले, "वत्सले, डावी कडी बसवलीस, पण उजवीचा खिळा निम्मा बाहेर आलाय. आता हे दोघं पडणार."

कृष्णस्वामी उठले.

शंकरनारायण कॉफी पीत झोका घेत राहिले. खिळा घट्ट होता.

"सार," हनुमंतरावांनी तमिळात विचारलं, "का उठलात?"

मास्तरांनी खांद्यावरची पिशवी जवळ ओढली.

"मी सांगतो. सुंदरेशने चोपडी नेली नाही. त्याला ती पेटीच्या कप्प्यातच आहे असं वाटतं. चोर थेट पंचांगांपाशी गेला, म्हणजे जागा बदलल्याचं त्याने ऐकलं होतं, आणि ते बोलणं मराठीत झालं. तेव्हा इथे तुम्ही दोघंच होतात." त्यांनी झोपाळ्याकडे बोट केलं. "यांना मराठी कळत असती तर हे पडले नसते, आणि सव्वासातशेवर उठून पेटी घालवली नसती. तुम्ही मात्र आधीच सरकलात. साडेसहाशेवरून एकदम नऊशेवर गेलात आणि तिथेच थांबलात. पन्नास-पन्नास रुपयांनी चढणारा माणूस अशी उडी मारतो, तेव्हा समोरच्याचा शेवटचा आकडा त्याला कळलेला असतो."

अंबुजाबाई खाली बसल्या. "आम्ही तर घरातलं बोलत होतो," त्या पुटपुटल्या.

"तीच आपली चूक, वहिनी. आपलं घरचं बोलणं म्हणजे लावलेलं दार, असं आपण धरून चालतो."

कृष्णस्वामींनी पिशवीतून चोपडी काढली, दोन्ही डोळ्यांना लावली आणि वत्सलेच्या हातात दिली.

"सकाळी मी पेटीसाठीच आलो होतो," ते म्हणाले. "लहानपणी तंजावरला एका मराठी भागवतरांच्या मागे बसून बारा वर्षं टाळ वाजवले. सगळ्या साक्या कळायच्या. तुला समजतं का, असं कुणी विचारलं नाही. या घरातलं सीताकल्याण मी एकदाच ऐकलं होतं. चोपडी हातात आली, आणि हात मागे घेता आला नाही. उतरवून घेऊन परत ठेवणार होतो."

"आज कथा आहे हे ठाऊक होतं?" हनुमंतरावांनी विचारलं.

मास्तरांनी मान खाली घातली. ठाऊक होतं.

वत्सला चोपडी उघडून पदं पुटपुटत आत गेली होती. अंबुजाबाईंनी गुरुमूर्तींना सांगितलं, सुंदरेशकडे जा, काकू हात जोडते म्हणावं, मृदंग घेऊन थेट देवळात ये. मग त्या मास्तरांकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "पेटी आता पंधराशे."

ते कुणी तमिळात सांगितलं नाही.

"मामी," कृष्णस्वामी पहिल्यांदाच मराठीत बोलले, जुन्या वळणाची, जपून ठेवलेली मराठी. "आज साडेआठशे आहेत."

"मग पेटी इथेच राहील. उरलेले जमले की या. कथा ऐकायला मात्र आजच चला."

साडेसहाला देवळात वत्सलेचा आवाज पहिल्या दिंडीवर जरा कापला. सुंदरेशने मृदंगाचा ठेका किंचित सैल केला, आणि ती सावरली. पुढे जनकाच्या मांडवातल्या वऱ्हाडी मंडळींवरची भागवतरांची चेष्टेची साकी आली. वत्सलेने ती मराठीत गायली आणि तमिळात अर्थ सांगण्यासाठी श्वास घेतला.

तेवढ्यात मागच्या खांबापाशी एक माणूस हसला. मग त्याने उपरण्याने डोळे पुसले.

अंबुजाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. "समजली वाटतं," त्या हनुमंतरावांना हळूच म्हणाल्या.