मीटर न लावता

तो आला होता एक साधा फ्यूज घ्यायला. फ्यूज हातात पडला, तरी स्वारी काउंटरला टेकून उभीच. वर टांगलेल्या स्पीकरांकडे बघत त्याने विचारलं, "माझ्या गाडीत दिवसभर नुसत्या किंकाळ्या ऐकू येतात. त्यावर तुमच्याकडे काही इलाज आहे?"

काउंटरमागे वायर सोलता सोलता तिचा हात थांबला. गाडीत किंकाळ्या?

त्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. शिकणारे समोर मांजर दिसलं तरी ओरडायचे, नाही दिसलं तरी ओरडायचे. शेवटचा विद्यार्थी उतरला की त्याला पोटात घुमेल असं काहीतरी ऐकायचं होतं. ती हसली. गल्ल्यावरच्या तिच्या काकांनीही वळून पाहिलं, कारण गिऱ्हाइकासमोर ती सहसा हसत नसे. गोष्ट फ्यूजवरून वूफरवर गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गाडी दुकानात लागली.

हे काकांचं दुकान. वडिलांच्या या धाकट्या भावाकडे ती गाड्यांतल्या स्पीकरचं काम शिकली आणि पुढे त्यांच्याहून सफाईने करू लागली. गल्लीत तिचं नावच पडलं होतं 'मीटर'. मीटर लावून मोजल्याशिवाय ती दोन वायरी एकमेकींना भेटू देत नाही म्हणून! पलीकडच्या रस्त्यावर काका नवं दुकान उघडत होते. ते आपल्याकडे यावं, एवढंच तिला हवं होतं, आणि फार हवं होतं. काकांच्याही मनात तेच होतं.

एरवी काम चालू असताना गिऱ्हाईक बाहेरच्या बाकावर बसतं. हा मात्र गाडीच्या दाराशी उकिडवा बसला आणि प्रश्न विचारत राहिला. ओहम म्हणजे काय, दोन कॉइल कशाला, लाल वायरच का... तिने सांगितलं, ओहमचा आकडा जितका लहान, तितका ॲम्प्लिफायरवर भार जास्त. याला दोनपर्यंत झेपतं. त्याच्या खाली गेलं की हा तापतो, लाल दिवा लावतो, आणि तरीही ऐकलं नाही तर जळतो.

"आणि माणसाला किती झेपतं?"

"माणसांना मीटर लावत नाही मी."

"लावून बघा ना कधीतरी..."

तो हे इतक्या हळू म्हणाला, की तिला कानापर्यंत गरम वाटलं. मान खाली घालून तिने भराभर वायरी जोडल्या, स्क्रू आवळले. गाडी गेली. दुकान एकदम रिकामं वाटायला लागलं.

दुपारी फळीवरचा माल लावताना तिला तो खोका दिसला. लावायचा होता तो चार ओहमच्या कॉइलवाला वूफर अजून इथेच होता! दोन्ही खोक्यांवर चित्र तेच, फक्त कोपऱ्यातला आकडा वेगळा. म्हणजे त्याच्या गाडीत दोन ओहमच्या कॉइलवाला गेला, आणि तिने दोन्ही कॉइल समांतर जोडल्या होत्या. समांतर जोडल्या की आकडा निम्मा होतो; चारच्या असत्या तर तो दोन झाला असता, अगदी बरोबर. आता तो झाला होता एक, ॲम्प्लिफायरला न झेपणारा.

तिने फोन लावला. वाजत राहिला. शिकवताना तो फोन ड्रॉवरमध्ये टाकतो, हे सकाळीच बोलला होता. पुन्हा लावला. पुन्हा तेच. ती दारापर्यंत गेली, परत आली, हत्यारं एका ओळीत लावली, परत विस्कटली. शेवटी काकांसमोर उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं.

काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "चूक कुणाच्याही हातून होते गं. पण मीटर तुझ्या खिशातच होता. तो का नाही लावलास, तेवढं सांग. ते कळल्याशिवाय नव्या दुकानाची किल्ली देववत नाही मला."

उत्तर तिला माहीत होतं. पण ते काकांना सांगायचं कसं? तिने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि जवळजवळ पळतच निघाली.

गोदामांमागच्या मोकळ्या मैदानात शिकवतो, हेही तो सकाळी बोलला होता. तिथे त्याची गाडी प्लॅस्टिकच्या नारिंगी कोनांमधून रांगत होती. ती सरळ गाडीसमोर जाऊन उभी राहिली. करकचून ब्रेक लागला, तो त्याच्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या बाजूचा. स्टिअरिंगवर एक जाडजूड मावशी होत्या. त्यांची थोड्याच वेळात परीक्षा होती आणि आत्ताच कुठे रिव्हर्स जमायला लागला होता, तेव्हा त्या गाडी थांबवायला साफ नाही म्हणाल्या. मग ही मागच्या सीटवर चढली, आणि गाडी गचके खात मागे जात असताना सीटखाली हात घालून पाहिलं. ॲम्प्लिफायर थंडगार होता.

"तुमच्या कोपऱ्यावरच लाल दिवा लागला," तो म्हणाला. "मग सगळंच बंद करून टाकलं."

"परत का नाही आलात?"

"सकाळी काका नव्या दुकानाचं बोलत होते ना तुमच्याशी. काम परत आलेलं त्यांना कशाला दिसू द्यायचं? म्हटलं, ते जेवायला गेले की हळूच येऊ."

 काकांना आपण सांगून टाकलंय, एवढंच ती कशीबशी म्हणाली. मग मागे डिकीत वाकून तिने वायरी सोडवल्या, दोन्ही कॉइल एकीपुढे एक अशा जोडल्या आणि मीटर लावला. चार. थोडा कमी घुमेल, पण जळणार नाही.

"एक कळत नाही," तो पुढे बघतच म्हणाला. "तुम्ही एवढ्या काटेकोर. सकाळी मीटर का नाही लावलात?"

पुन्हा तोच प्रश्न. तिने मीटर सावकाश खिशात ठेवला. गाडीचा वेगही मंदावला.

"सांग गं बाई," मावशी म्हणाल्या, "मला परीक्षेला जायचंय."

"तुम्ही बोलत होतात..." ती म्हणाली. "आणि मी ऐकत होते. तुम्ही बोलायला लागलात की मला दुसरं काही सुचत नाही — मीटरसुद्धा नाही. झालं समाधान?"

त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. पाहतच राहिला. चाकाखाली काहीतरी कडकडलं. एक अख्खा कोन गाडीखाली गेला होता आणि त्याचा पाय ब्रेकवर गेलाच नव्हता.

"आजवर असं कधी झालं नाही," तो ओशाळून म्हणाला. "कारण... तुझं जे आहे, तेच."

मावशींनी आपणहून गाडी थांबवली, अगदी सफाईदार. त्या दोघांकडे न बघता समोर पाहत बसल्या, पण हसू काही लपत नव्हतं.

तेवढ्यात काकांचा फोन आला. गाडीचं काय झालं, विचारत होते. ती म्हणाली, सगळं ठीक आहे.

"आणि मीटर का नाही लावलास, ते?"

"सापडलं कारण, काका." तो अजून तिच्याकडेच बघत होता. "संध्याकाळी सोबत घेऊनच येते."

पलीकडे गल्ल्याचा ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला.

"फ्यूजवाला?" काकांनी विचारलं. "ये घेऊन. किल्ली काढून ठेवतो."