दुमडलेला कोपरा

मी टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून तक्त्यात मांडायचा मला पगार मिळतो. त्यामुळे १९९८च्या ऑगस्टमध्ये अण्णांसाठी स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर निवडायची वेळ आली, तेव्हाही मी आधी तक्ताच आखला.

अण्णा म्हणजे माझे वडील, वादिराज. तरुणपणी ते कंटोन्मेंटमधल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात दुसरं व्हायोलिन वाजवायचे. तिथंच शिकून त्यांनी पुऱ्या ऑर्केस्ट्रासाठी एक रचना लिहायला घेतली. १९७१ साली त्यांच्या शेजारी बसणारा देवाप्पा तापाने गेला, वर्षभरात ऑर्केस्ट्राही मोडला आणि रचना शेवटाविना तशीच राहिली. अण्णांनी आणि देवाप्पाने आपला भाग जयनगरच्या या घरात बसून पक्का केला होता, पण सगळ्या वाद्यांवर ती कधीच वाजली नाही.

आणि आता अण्णांच्या कानांची नस सुकत चालली होती. बारीक, उंच आवाज त्यांना यायचे आधीच बंद झाले होते. दिवाळीपर्यंत ऐकू येईल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"सरी," अण्णा कानडीत बरं म्हणाले. "म्हणजे दोन महिने आहेत. मला माझं एकदा शेवटापर्यंत ऐकायचंय, पुट्टी. मग काय बंद पडायचं ते पडू दे."

ऑर्केस्ट्रा मी कुठून आणणार? पण ऑफिसातला अजित परदेशातून एक सीडी घेऊन आला होता. खऱ्या वादकांकडून एकेक सूर वाजवून घेऊन ते सगळे तिच्यात भरले होते. संगणकावर स्वर लिहायचे, की सीडीतले वादक ते वाजवणार. फक्त या सीडीशी नीट जमवून घेणारं सॉफ्टवेअर हवं होतं. माझ्याकडे तीन सॉफ्टवेअरचे डेमो होते. मी ठरवलं, अण्णांना ऐकवल्याशिवाय सोडायचं नाही.

डेमोमध्ये लिहिलेलं जतन करता येत नसे. संगणक बंद केला की सगळं पुसलं जायचं. म्हणून रोज सकाळी ऑफिसच्या आधी मी अण्णांच्या जुन्या कागदावरून दुसऱ्या व्हायोलिनचा भाग पहिल्यापासून टाइप करायची. दोन उभ्या रेघांमधल्या जागेला अण्णा घर म्हणतात. अशी चाळीस घरं.

पहिल्या सॉफ्टवेअरचं लिखाण मोत्यासारखं होतं, पण हळू म्हणून लिहिलेलं ते खुशाल ठणाठणा वाजवायचं. शिवाय बत्तिसाव्या घरात आवाज एकदम पातळ झाला. मी तक्त्यात लिहिलं: घर ३२, दोष.

दुसरं हळू-मोठं नीट ऐकायचं, पण तार बोटाने छेडायची खूण त्याला कळत नव्हती. बत्तिसाव्या घरात आवाज पातळ झाला.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तशी मी साउंड कार्डावर घसरले. ते बदलून आणलं.

तिसरं सॉफ्टवेअर शहाण्या मुलासारखं निघालं. सांगितलेलं सगळं ऐकायचं, सीडीतला सूर न् सूर हवा तिथे उचलायचं. बत्तिसाव्या घरात आवाज पातळ झाला.

आता मला राग आला. सीडीवर दोन व्हायोलिनांचा आवाज एकत्रच मुद्रित केलेला होता. त्यातलं एकच गप्प करणं म्हणजे कॉफीतून दूध बाजूला काढणं. तरी तिथे एकच व्हायोलिन ऐकू येत होतं, दीड-दोन मात्रा, आणि मग दुसरं परत यायचं. मी भलतीच धून लिहून पाहिली, ती ठीक वाजली. अण्णांची पुन्हा लिहिली. बत्तीस. मग हेडफोन लावून, आवाज वाढवून ऐकलं. त्या पातळ जागेत कागद सळसळला होता.

मी अण्णांना बोलावलं. त्यांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. सळसळ त्यांना येणारच नव्हती. पण पातळ जागा आली तसे ते हसले.

"पान उलटतोय," ते म्हणाले.

"कोण?"

"अगं, एका स्टँडसमोर दोघं बसतात. बाहेरच्याने वाजवत राहायचं, आतल्याने थांबून पान उलटायचं. सगळीकडे तसंच असतं. देवाप्पा आत बसायचा. स्वल्प लौकर उलटायचा तो. किती वेळा सांगितलं त्याला."

"अण्णा, संगणकात पान नसतं. पडद्यावर तर बत्तिसावं घर मधोमध आहे."

त्यांनी जुना कागद माझ्यापुढे धरला. पहिलं पान बत्तिसाव्या घराशी संपत होतं. खालचा उजवा कोपरा वर दुमडलेला होता, बोटाला चटकन सापडावा म्हणून. इतक्या वर्षांनी ती घडी तपकिरी पडली होती. सगळ्या पानांना तशीच घडी होती.

मला भीती वाटली, हे कबूल करते. पण ऑगस्ट संपला होता. भ्यायला वेळ कुणाकडे होता? मी तिसरं सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि तक्ता फाडून टाकला.

पुढचा महिनाभर मी बासरी, चेलो, तुताऱ्या, सगळं भरलं. रात्री झोप आणि दिवसा ऑफिस, मधला प्रत्येक क्षण अण्णांचा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी दुपारी आम्ही बसलो. पंखा बंद केला, रस्त्याकडच्या खिडक्या लावल्या. अण्णांनी जुना स्टँड मांडला, त्यावर आपला कागद ठेवला आणि समोर दोन खुर्च्या ओढल्या. उजवीकडच्या, बाहेरच्या खुर्चीवर स्वतः बसले. व्हायोलिन खांद्याला लावलं.

"अण्णा, दुसरी खुर्ची?"

"चालू कर, पुट्टी."

मी चालू केलं.

सत्तावीस वर्षं कागदात पडून राहिलेलं ते संगीत आमच्या हॉलमध्ये उभं राहिलं. अण्णा डोळे मिटून त्याच्यासोबत वाजवत होते, गालांवरून पाणी वाहत होतं. मलाही रडू आलं. इतकं सुंदर काहीतरी माझ्या बापाने लिहिलं होतं आणि मला ते ठाऊकच नव्हतं.

बत्तिसावं घर आलं.

पातळ झालं. सळसळलं. या वेळी स्पीकरमधून नाही.

अण्णांचा एक हात गजावर होता, दुसरा तारांवर.

स्टँडवर दुसरं पान होतं.

मी पडद्याकडे बघत राहिले. पुन्हा वर पाहायचं धाडस झालं नाही. आणखी तीनदा सळसळलं, मग लिहिलेलं संपलं आणि संगीत अधांतरी थांबलं. अण्णांनी गज खाली घेतला.

"छान झालं," ते म्हणाले. माझ्याकडे पाहून नाही. मग माझ्याकडे वळले. "आता शेवट लिहितो. दोन आठवडे आहेत. मला कोरी पानं छापून दे."

मी नव्या सॉफ्टवेअरवर नुसत्या पाच-पाच रेघांची कोरी पानं मांडली आणि दहा छापली. कागदाचा गठ्ठा मीच फोडला होता, पानं यंत्रातून मीच उचलली. टेबलावर ठेवून अण्णांसाठी पेन्सिल शोधायला आत गेले, तेवढाच काय तो वेळ. परत आले तेव्हा अण्णा पानांवर वाकले होते.

वरच्या चार पानांचा उजवा कोपरा वर दुमडलेला होता. घडी ताजी, पांढरी. खालची सहा पानं सरळ होती.

"चार," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "त्याला मोजमाप चांगलं कळायचं."

"कसलं मोजमाप?"

"माझं किती उरलंय, त्याचं."

मी भांडले. सहा पानं त्यांच्या हातात कोंबली, म्हटलं लांबलचक शेवट लिहा, मी रात्रंदिवस भरीन. ते हसले आणि लिहायला बसले. पहिलं पान दोन दिवसांत झालं, दुसरं चार. मी लागलीच टाइप करून त्यांना ऐकवत होते. आता हेडफोनवर आवाज शेवटच्या रेघेपर्यंत वाढवावा लागतो. तिसरं पान चार दिवसांपूर्वी संपलं.

चौथ्यावर अण्णा रोज एकच घर लिहितात. कालचं घर सकाळी खोडून त्यांनी तेच परत लिहिलं. घाई करा, दिवाळी आली, असं मी म्हणत नाही.

त्या पानाखाली मी रोज कोरी पानं ठेवते. आज वीस ठेवली. ऑफिसला निघताना आणि आल्यावर एकेक पान उचलून बघते, एखादा तरी कोपरा दुमडलाय का.

अजून सगळे सरळ आहेत.