जित्या माणसावरचे दगड

शेकोटीत अजून एक लाकूड घाला रे. आणि त्या घनश्यामला मधे बसवा, नाहीतर परवासारखा गोष्ट अर्धी ऐकून घरी पळेल आणि सगळ्या मुर्री गावच्या धानाची राखण या म्हाताऱ्याच्या गळ्यात पडेल.

भुताची सांगा म्हणता. मी भूत पाहिलेलं नाही. मी भंडाऱ्याला वकिलाचा मुन्शी होतो. जन्मभर अशीलांच्या थापा ऐकल्या, त्यामुळे खोट्याचा वास मला लांबून येतो. केशोरीकडच्या खेमराजने हे सांगितलं तेव्हा तो वास आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, सुखाने झोपलो असतो.

सन अडतीसची दिवाळी. खेमराजचा मोठा भाऊ शालीकराम लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बैलगाडी घेऊन घरी येत होता. खेमराज मागच्या गाडीत. गावाच्या अलीकडे रस्ता तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून जातो. ती पाळ त्यांच्याच पणज्याने बांधलेली; कोहळी माणसं, तळी बांधावी तर त्यांनी. समोरून बिडीपत्त्याच्या एका ठेकेदाराची मोटार आली, ती आपली बाजू सोडून थेट शालीकरामच्या गाडीवर. एक बैल जागीच मेला. शालीकरामची मांडी मोडली, बरगड्या मोडल्या. ठेकेदार थांबलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सांगत सुटला, की गाडीवान झोपला होता आणि बैलच मोटारीवर आले. चौकशीला हवालदार आला तो ठेकेदाराच्याच मोटारीत बसून. घ्या! आता कोणाला काय सांगायचं?

शालीकराम शुद्धीवर होता. आता आपल्या हातून नांगर धरणं होत नाही, हे त्याला समजलं होतं. बायकोपोरांना भरपाई मिळावी एवढंच त्याचं मागणं. आणि दुसरं म्हणजे, "मी झोपलो नोहोतो, खेमराज. हे कोर्टात सांगजो." दिवसभर तेच.

म्हणून भाऊबीजेला खेमराज भंडाऱ्याला आमच्या वकीलसाहेबांकडे आला. साहेब फराळाला बसले होते. खातखातच विचारलं, "पुरावा काय आहे?"

"मोटारीचा दिवा फुटून पडला, साहेब. डाव्या आंगाले, आमच्या बाजूनं. मी आपल्या डोऱ्यानं पायलो."

"मग तो हलवू नका. पाटील आणि पंच नेऊन जिथल्या तिथे दाखवा, पंचनामा करून घ्या. दिवा तुमच्या बाजूला म्हणजे मोटार तुमच्या बाजूला."

"मी झाकून ठेवलो आहे, साहेब. पळसाची फांदी टाकलो वरून. उडाली नाई पायजे म्हणून एक धोंडाबी ठेवलो."

साहेबांनी मान डोलावली. मीही डोलावली. शहरात राहून राहून आमची अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय!

कारण आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. रस्त्यात कोणी अवचित मेला तर त्या जागी फांदी टाकतात, वर दगड ठेवतात. मग येणाराजाणारा प्रत्येक जण आपला एक दगड टाकून पुढे जातो, मेलेला उठू नये म्हणून. खेमराज भंडाऱ्याला असतानाच चौथीला गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा भरली. चहूकडून माणूस लोटला. रात्रभर दंडारीचा खेळ पाहून लोक त्याच पाळीवरून परतले. त्यांना मेलेला बैल दिसला, मातीवर रक्त दिसलं, फांदी दिसली, दगड दिसला. बिचारे पुण्यवान लोक! प्रत्येकाने एकेक दगड टाकला.

पंचमीच्या संध्याकाळी खेमराज परत आला तर पाळीवर कमरेएवढी रास.

तो यादोराव पाटलाकडे गेला. पाटील म्हणाले, "त्या राशीले मी हात नाई लावत. लोकाइनं मेल्यासाठी टाकले ते."

"मेला कोन, पाटील? दादा घरी पडून आहे, जिता!"

"तं मंग तूच काढ. मी सकाळी पंच घेऊन येतो. जागा मोकळी दिसली तं लिहून देतो."

खेमराज घरी कंदील घ्यायला गेला. वहिनी, सुमित्राबाई, दारातच होती. "कालपासून लय दम लागून राहिला त्याइले," ती म्हणाली. "आज नोका जाऊ, भाऊजी."

आतून शालीकरामने विचारलं, "दिवा भेटला का रे?"

"तिथंच आहे, दादा. सकाळी पाटील पाहातेत."

"मंग जा," शालीकराम म्हणाला.

आणि खेमराज कंदील घेऊन निघाला.

पंचमीचा चंद्र केव्हाच मावळला होता. थंडी पडली होती. खेमराजने कंदील खाली ठेवला आणि दगड काढायला लागला. एकेक उचलायचा, तळ्यात टाकायचा. बुडुक... बुडुक... अंग तापलं, त्याने सदरा काढून ठेवला. मनात म्हणाला, हे काय, रात्रभराचंही काम नाही.

मग बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात आलं. दगड पाण्यात पडल्याचा आवाज येत नव्हता.

त्याने कंदील वर धरला.

रास कमरेएवढीच होती.

तेवढ्यात मागून माणसांची चाहूल आली. बरीच माणसं. बायकांच्या बांगड्या, कोणाचा तरी खोकला, एखादं पोर पिपाणी वाजवत होतं. त्याला हायसं वाटलं. मंडईहून परतणारे दिसतात. मग आठवलं... मंडई तर सकाळीच उठली होती.

"कोन आहे गा?"

बांगड्या जवळ आल्या. कंदिलाच्या उजेडात आल्या. उजेडात कोणी नव्हतं.

ठक्.

राशीवर एक दगड वाढला.

"नोका टाकू!" खेमराज ओरडला. "नोका टाकू, बापा!"

ठक्. ठक्.

एका बाईने विचारलं. अगदी कानाजवळ. म्हातारी असावी. "कोन गेला, बापा?"

"कोनी नाई गेला, माय! माझा दादा आहे तो. घरी आहे. जिता आहे!"

पिपाणी थांबली...

"पहिले असंच वाटते, बापा," ती म्हणाली. मायेने म्हणाली. "आमच्याबी घरच्याइले वाटे."

ठक्.

पोरांनो, खेमराज हे सांगताना रडला. म्हणाला, त्यांनी मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो. पण ते वाईट नव्हते हो, मुन्शीजी. चांगलेच होते. रीत पाळत होते. त्यांना मी काय सांगू?

तो काढत राहिला. ते टाकत राहिले. बोटं फुटली. शेवटी त्याला काही सुचेना, तेव्हा तो त्या राशीवरच आडवा झाला. हात पसरून. उताणा.

"टाका! टाकाचे तं माझ्यावर टाका!"

सगळं थांबलं. वारासुद्धा.

मग छातीवर एक दगड आला. फेकलेला नाही. ठेवलेला. झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं, इतका हळू. मग दुसरा. मग पोटावर. मग गळ्याशी. श्वास आत जाईना. हात उचलेनात. ओरडावं तर तोंडातून हवासुद्धा येईना... आणि ती म्हातारी परत वाकली.

"कोनाच्या नावानं टाकू, बापा?"

...

तुम्ही काय सांगितलं असतं? बोला ना. आता गप्प काऊन झाले? मघा तर भुताची, भुताची म्हणून माझा जीव खाऊन राहिले होते.

त्याने सांगितलं, "शालीकराम."

छाती मोकळी झाली. तो उठला. पळाला. कंदील तिथेच, सदरा तिथेच. मागे वळून पाहिलं नाही.

घराजवळ आला तर दिवा जळत होता. सुमित्राबाई भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती.

"तुमी आवाज देलात ना, भाऊजी?" ती म्हणाली. "मले नाई आला आयकू. पन हे म्हनाले, खेमराज मले नावानं बोलावून राहिला. मी म्हनली, रातीच्या हाकेले ओ नोका देऊ. पन त्याइनं देली..." तिने आतल्या खाटेकडे हात केला.

सकाळी यादोराव पाटील बोलल्याप्रमाणे पंच घेऊन पाळीवर गेले. जागा मोकळी होती. एक दगड नाही. पळसाची फांदी, फांदीखाली मोटारीचा दिवा, डाव्या अंगाला, पडला तसाच. पाटलांनी पंचनामा लिहिला, पंचांनी अंगठे दिले. तीस वर्षांच्या नोकरीत इतका स्वच्छ पुरावा मी पाहिला नाही.

दिवस उरकल्यावर खेमराज तो कागद घेऊन आमच्याकडे आला. साहेबांनी वाचला, खूश झाले. म्हणाले, "दुखापतीचा दावा तुमच्या भावाबरोबर गेला. पण हरकत नाही. मोटारीमुळे मेला म्हणून नवा दावा लावू, बाईंच्या नावाने. ठेकेदार सुटत नाही. तुम्ही फक्त कोर्टात उभं राहून शपथेवर सांगा, भाऊ कशाने मेला."

खेमराज उठला, हात जोडले आणि निघून गेला. कागद टेबलावरच राहिला.

साहेबांनी आठवड्याने मला केशोरीला पाठवलं. त्याला समजावून आणा म्हणाले, बाईचा हक्क बुडतो. मी गेलो. तेव्हाच त्याने मला हे सगळं सांगितलं. मी आपला मुन्शीपणा केला. म्हटलं, "बाबा रे, बरगड्या मोडलेला माणूस, मोटारीनेच गेला. तुझ्या डोक्याला ताप झालाय." त्याने वाद घातला नाही. मला आत नेलं, भाऊ गेला त्या खोलीत.

मुडद्याखालची खाट कोणी घरात ठेवतं का? ती अजून तिथेच होती. सारवलेली, टणक भुई, पिढ्यान् पिढ्यांची. आणि खाटेचे चारही पाय त्या भुईत वीत-वीतभर रुतलेले. सुमित्राबाई म्हणाली, याइले उचललं तेव्हा चिपाडासारखे हलके लागले. खाट मात्र कोनालेच उचलली नाई.

मी धरली. खेमराजने पलीकडून धरली. दोघांनी जोर लावला.

नाही हलली.