कोठडीतून आलेलं आमेन

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणत, कारण आठवडाभर त्या शाळेत गाणं शिकवत. घरी त्या आणि त्यांची धाकटी बहीण, दोघीच. धाकटी शिवणकाम करायची. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं धाकटीनेच निगुतीने केलं होतं.

नवे फादर आले आणि सगळ्यांना आवडले. उमदा माणूस, आवाज खणखणीत, प्रवचनात गोष्टी रंगवून सांगणारा. एका रविवारी त्यांनी एका मुलीची गोष्ट सांगितली. आजारी आई घंटी वाजवत राहिली, शेजारच्या खोलीतली मुलगी जागी होती, पण वैतागून उठली नाही. घंटी थांबली तेव्हा आई गेलेली होती.

नाव घेतलं नाही, पण माना धाकटीकडे वळल्या. मास्तरीणबाईंनाही ते तेव्हाच, गावाबरोबर कळलं. धाकटी हे एकदाच बोलली होती, पापनिवेदनाच्या लाकडी कोठडीत, जाळीपलीकडे बसलेल्या फादरांपाशी. तिथे सांगितलेलं फादरांनी कुणाकडेही उघड करायचं नसतं.

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर बाईंनी त्यांना गाठलं. झगा उतरवता उतरवता फादर हसले.

"मी कुणाचं नाव घेतलं का?"

धाकटीने चर्च सोडलं. पुढे दुसऱ्या कुणाची गोष्ट निघाली, मग आणखी कुणाची. गर्दी मात्र वाढली. आज कुणाची पाळी, हे ऐकायला लोक लवकर येऊन जागा धरू लागले. कोठडीकडे कुणी फिरकेना. प्रार्थनेला साथ देणंही हळूहळू सुटलं. लोक ओठ मिटून, कान टवकारून बसत.

तरी फादरांच्या प्रार्थनेला उत्तरं येत होती.

बाईंना आधी वाटलं, भिंतींचा घुमारा असेल. त्यांचा कान तयार होता, भलतंसलतं मनात आणणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. पण उत्तर दर वेळी किंचित मागून यायचं आणि बाकांवरून यायचंच नाही. ऑर्गनवर वेदी दिसावी म्हणून छोटा आरसा होता. एका रविवारी त्यांनी तो लोकांकडे वळवला.

"प्रभू तुम्हाबरोबर असो," फादर म्हणाले.

आरशात एकही ओठ हलला नाही.

"आणि तुमच्या आत्म्याबरोबर," कोठडीतून आलं. अनेक आवाज होते, दबलेले, तोंड जाळीला टेकवून बोलल्यासारखे. त्यांत एक धाकटीचा होता.

घरी धाकटी काजं करत बसली होती. बाईंनी भीतभीतच विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "ताई, मला प्रार्थना म्हणताच येत नाही आता. आठवते, पण तोंडातून निघत नाही."

पुढच्या रविवारी फादरांनी प्रवचनाला सुरुवात केली. "एक नवरा होता. तो आपल्या बायकोला..."

वाक्य कोठडीने पुरं केलं. त्याच नवऱ्याच्या आवाजात. तो स्वतः समोर बाकावर गप्प बसला होता.

फादर थांबले. कुणी हललं नाही.

बाई ऑर्गनवरून उठल्या, चालत गेल्या आणि त्यांनी कोठडीचं दार उघडलं.

आत कुणी नव्हतं. लाकूड कोमट होतं. जाळी श्वासाने ओली झाली होती.

"कोण आहे?" फादरांनी विचारलं. त्यांचा आवाज वेदीपासून कसाबसा पोचला.

"कोणी नाही, फादर."

"आमेन," जाळी म्हणाली.

फादरांना विश्रांतीसाठी म्हणून दूर पाठवलं गेलं. त्यांच्या जागी एक वयस्कर, मितभाषी फादर आले. बाकांवर पुन्हा ओठ हलू लागले, गाणीही जमू लागली. धाकटीचं मात्र तोंड मिटलेलंच राहिलं. शेवटी बाई तिला एका दुपारी, चर्चमध्ये कुणी नसताना, कोठडीपाशी घेऊन गेल्या. तुझं तिथे राहिलंय ते परत मागून घे, एवढंच त्यांना सुचलं.

धाकटी आत जाऊन गुडघ्यांवर बसली. जाळीला कान लावून तिने बराच वेळ ऐकलं. मग ती बाहेर आली.

"तुझाच आवाज आहे ना?" बाईंनी विचारलं.

"माझाच आहे. पाप सांगतोय. पण ते मी केलेलं नाही, ताई." तिने थोरलीकडे पाहिलं आणि चटकन नजर खाली वळवली. "अजून."

काय पाप, ते बाईंनी विचारलं नाही.

तेव्हापासून रोज झोपायला जाताना धाकटी आपल्या हाताने कात्री आणून थोरलीकडे देते आणि आपल्या खोलीची कडी बाहेरून लावायला सांगते.